दोन्ही बटणांवर ‘रद्द करा’

गेल्या ऑक्टोबरात एका शिक्षिकेची तक्रार माझ्या वाचनात आली. मोबाइलवर टिपणं लिहून ठेवायचं एक ॲप आहे. फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, सुधारून पाठवावा असा. बाईंनी त्यात सहावीचा समाज विज्ञानाचा पेपर काढला होता. बंद करताना ॲपने सांगितलं, ‘बदल जतन केलेले नाहीत.’ खाली दोन बटणं. एकावर ‘रद्द करा’. दुसऱ्यावरही ‘रद्द करा’. बाईंनी त्यातलं एक दाबलं आणि पेपर गेला. तक्रारीत रागाचा शब्दही नव्हता. एवढंच विचारलं होतं, ‘मी कुठलं दाबायला हवं होतं?’

त्या ॲपचं मराठी आम्ही चार-पाचजण करतो. त्यातलं एक ‘रद्द करा’ मी मंजूर केलं होतं. रिलीजच्या आदल्या रात्री, दीड वाजता.

साहित्याच्या मुलीला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, असं माझा इंजिनिअरिंगचा चुलतभाऊ म्हणतो, आणि बरंचसं खरंही आहे. पण ही गोष्ट मुळात वाचण्याची आहे, म्हणून आपल्या मंडळात ती मांडायचं धाडस करते. ओपन सोर्समध्ये एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा, शंका विचारायच्या, मगच तो आत घ्यायचा, याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आम्ही भाषांतरवाले कोड लिहीत नाही, पण आमच्या ओळीही अशाच रांगेतून जातात. लिहिणारे खूप, वाचणारे दोन-तीन. रिलीजची तारीख जाहीर झाली की सगळ्यांना आपलं काम आत्ताच आत जायला हवं असतं, आणि वाचणाऱ्यांना नेमक्या त्याच आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. मग बॅकलॉग साचतो. आपल्याकडे बॅकलॉग म्हणजे राहिलेले पेपर. इथेही तसंच, फक्त कुणी नापास झालेलं नसतं, पेपर तपासायला कुणी बसलेलं नसतं.

त्या रात्री रांगेत १४३ ओळी होत्या. काही चार महिन्यांपासून पडून. पाठवणाऱ्या मुलांचे ‘ताई, बघितलंत का?’ असे मेसेज येत होते, मला लाज वाटत होती, आणि रांग शून्यावर आणायचीच असं मी ठरवलं. पहिल्या तीसेक ओळी नीट वाचल्या. नंतर डोळे वाचत नव्हते, नुसता अंगठा चालत होता. एका इंग्रजी बटणाचा अर्थ ‘लिहिलेलं टाकून द्या’, त्यासाठी कुणीतरी ‘रद्द करा’ सुचवलं होतं. मी टिक केलं. दुसऱ्या बटणाचा अर्थ ‘नको, परत जा’, आणि त्यासाठी ‘रद्द करा’ हे वर्षभरापूर्वीच मंजूर झालेलं होतं. सुटं सुटं पाहिलं तर दोन्ही चालण्यासारखी. शेजारी शेजारी ती कशी दिसतील हे कुणी पाहिलंच नव्हतं. चुलतभाऊ सांगतो की कोडमध्येही नेमकं हेच होतं. दोन पॅच वेगवेगळे बरोबर असतात, एकत्र आले की भांडतात.

म्हणून माझं मत असं झालंय, की रिलीजच्या तोंडावर रांग ‘संपवणं’ हे ध्येयच चुकीचं आहे. काय आत घ्यायचं आणि काय पुढच्या खेपेला, हे आधी ठरवावं, ज्याचं राहिलं त्याला तसं तोंडावर सांगावं, आणि जेवढं घेतलं तेवढं खरोखर वाचावं.

यावर लगेच उत्तर येतं, ‘घेऊन टाका, चूक निघाली तर दुरुस्त करू.’ काही ठिकाणी हे ठीकच आहे. एखादा रंग फिका पडला, काना राहिला, तर कुणाचं काय बिघडतं? आम्हीही ते बटण दोन आठवड्यांत दुरुस्त केलं. आता एकावर ‘टाकून द्या’ आहे, दुसऱ्यावर ‘मागे जा’. पण दुरुस्त आवृत्तीबरोबर बाईंचा पेपर परत आला नाही.

मोठ्या जागी चूक मोठी होते. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. ३१ डिसेंबर २०११च्या रात्री तिच्यात एक नवीन सोय आत घेतली गेली. (त्या रात्री सात वर्षांची मी वर्षअखेरच्या मिस्साला आईच्या मांडीवर झोपले होते.) समोरचा जेवढी लांबी सांगेल तेवढा मजकूर परत पाठवायचा, अशी ती सोय होती. पण सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायची ओळच त्यात नव्हती. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं, वाचणाऱ्याच्याही. मार्च २०१२ मध्ये ते रिलीजबरोबर जगभर गेलं आणि एप्रिल २०१४ पर्यंत ते उघड झालं नव्हतं. तोवर खोटी लांबी सांगून कुणीही सर्व्हरच्या मेमरीतून एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत माहिती काढू शकत होता, पासवर्डसुद्धा. ‘हार्टब्लीड’ म्हणतात ते हेच. ती घाई होती असं मी म्हणत नाही. पण अर्धं जग ज्यावर विसंबून होतं ते काम अगदी थोडी माणसं सांभाळत होती.

आता दुसरी बाजू. वाट पाहणाऱ्यांचीही चूक असते, आणि तिच्याविषयी आपण कमी बोलतो. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करायचं साधन. ते वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्याच्यामागे लागली. पॅच पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याला सोपव. त्याने आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हे बिनपगारी काम आहे, असं लिहिलं. तरी टोचणं थांबलं नाही. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी मदतीला होतंच, हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले, आणि २०२४च्या सुरुवातीला त्याच नावाने काढलेल्या दोन रिलीजमध्ये चोरदरवाजा निघाला. टोचणारी नावंही बहुधा बनावट होती, असं आता मानलं जातं. म्हणजे रांग साचल्याची तक्रार हीच इथे कुलूप उघडायची किल्ली ठरली. मला ती गोष्ट वाचताना माझ्या फोनवरचे ‘ताई, बघितलंत का?’ आठवले. त्या मुलांच्या मनात काही काळं नव्हतं, देवाशपथ. पण दमलेल्या माणसावर दोन्हींचा परिणाम एकच होतो. तो ‘हो’ म्हणून टाकतो.

तो चोरदरवाजा पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून ते मागे लागले. हे गृहस्थ ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसवर काम करणाऱ्यांपैकी. आणि गंमत म्हणजे रांगेचं काय करायचं, याचं मला पटलेलं उत्तरही पोस्टग्रेसवाल्यांचंच आहे.

त्यांनीही हे भोगलंय. ८.३ या आवृत्तीसाठी नवीन काम घेणं २००७च्या एप्रिलमध्ये थांबवायचं ठरलं होतं, पण साचलेले पॅच तपासता तपासता आवृत्ती यायला फेब्रुवारी २००८ उजाडला. त्यानंतर त्यांनी ‘कमिटफेस्ट’ सुरू केलं. नाव जत्रेसारखं आहे, पण त्या महिन्यात नवीन लिहिणं बाजूला ठेवून आधी आलेलं वाचायचं असतं. अशा फेऱ्या वर्षातून पाच, जुलैपासून एक महिना आड, शेवटची मार्चमध्ये. म्हणजे तपासणी रिलीजच्या तोंडावर न येता वर्षभर वाटली जाते. मोठा पॅच पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत आणू नये, असा संकेत आहे. प्रत्येक पॅचपुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: वाचायचा आहे, लेखकाकडे अडलाय, तयार आहे. फेरी संपली की उरलेले पुढच्या फेरीत जातात किंवा शेरा मारून परत येतात. ‘परत’ म्हणजे ‘नको’ नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि मला सर्वांत आवडलेला नियम: ज्याने पॅच दिला त्याने दुसऱ्या कुणाचा तरी, साधारण तेवढाच अवघड, एक पॅच वाचावा अशी अपेक्षा असते. सगळे पाळतात असं नाही, त्यांच्याकडेही शेकडो पॅच साचतात. तरी यात न्याय आहे. वाचून घ्यायचंय, मग वाच.

आता तर लिहिणं आणखी सोपं झालंय. जूनमध्ये एका मुलाने एका संध्याकाळी दोनशेच्या वर ओळी पाठवल्या. मशीनकडून करून घेतलेल्या, उघड दिसत होतं. त्याला लागला असेल तासभर. मला वाचायला लागले नऊ दिवस, आणि त्यातल्या निम्म्या परत पाठवाव्या लागल्या. लिहिण्याचा वेग असा वाढत जाणार असेल तर ‘वाचणाऱ्यांनी जरा हात चालवावा’ ही मागणी मला साफ अमान्य आहे.

आमच्या चार-पाचजणांत आता तीन गोष्टी ठरल्यात. रिलीजच्या दहा दिवस आधी मराठीच्या नवीन ओळी घ्यायच्या नाहीत. वीस ओळी देणाऱ्याने दुसऱ्याच्या वीस वाचायच्या. आणि बटणांच्या ओळी यादीत पाहून मंजूर करायच्या नाहीत, ॲप उघडून स्क्रीनवरच पाहायच्या. पहिल्या नियमामुळे दोघं रुसून गेली. एक परत आला, एक नाही आली. ती चांगली होती, तिचे शब्द माझ्यापेक्षा सरस असायचे. याचं मला वाईट वाटतं, पण नियम बदलावासा वाटत नाही.

आपल्या ई-मासिकाबद्दल एकच विचारते. नाताळ अंकासाठी दरवर्षी ढीगभर कविता येतात आणि संपादक शेवटच्या दोन रात्री त्या वाचतात, हे आपण सगळे जाणतो. तर यंदा कविता देणाऱ्याने दुसऱ्या कुणाची तरी एक कविता वाचून तिच्यावर चार ओळी लिहून द्याव्यात, असं मंडळाच्या सभेत मांडलं तर कितीजण हात वर कराल?

पुढचं रिलीज बावीस तारखेला आहे. रांगेत आत्ता ६१ ओळी आहेत. त्यातल्या चाळीस होतील. उरलेल्या एकवीस ज्यांच्या आहेत त्यांना काल रात्री एकेक करून कळवलं, ‘या खेपेला नाही, पुढच्या खेपेला सगळ्यात आधी तुमच्या.’ पाचजणांची उत्तरं आली. चौघांनी ‘बरं’ लिहिलंय. पाचव्याने विचारलंय, ‘तोवर मी कुणाच्या वाचू?’