साखळी, खांब आणि मोजदाद



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आमचे वैभववाडी करूळ घाटाच्या पायथ्याशी. पाऊस धरला की दिवसच्या दिवस सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात लावणी आटोपल्यावर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला आम्ही बायका विहारात तासभर आधी जमू लागलो आणि क्रोशाची सुई हाती घेतली. बुद्धमूर्तीखालच्या पांढऱ्या कापडाला आपल्या हातची झालर लावावी, एवढाच हेतू होता. ते पहिले टाके तुम्हांलाही जमावेत म्हणून येथे देत आहोत.

साहित्य : पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक गुंडा, दोऱ्याच्या जाडीला साजेशी सुई, कात्री. दोरा झाकणाच्या डब्यात ठेवावा, नाहीतर चुलीच्या धुराने पिवळा पडतो. हात धुऊनच बसावे.

साखळी : दोऱ्याच्या टोकाशी सरकफास करून तो सुईवर घ्यावा. दोरा डाव्या हाताच्या तर्जनीवरून घ्यावा. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन तो फासातून ओढून काढावा. ही एक साखळी. अशा १२ घालाव्यात. फार आवळू नये. पुढे त्याच साखळीत सुई घालायची असते.

खांब : सुईवर एक वेढा घ्यावा. सुईवरचा फास न मोजता चौथ्या साखळीत सुई घालून दोरा ओढून घ्यावा. सुईवर तीन फास दिसतील. वेढा घेऊन पहिल्या दोन फासांतून काढावा; पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून काढावा. खांब झाला. पुढे प्रत्येक साखळीत एकेक घालावा. सुरुवातीला सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरावा, म्हणजे ओळीत १० भरतात.

ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटवावे. हा नव्या ओळीचा पहिला खांब; म्हणून लगतचा खांब सोडून पुढच्यापासून सुरुवात करावी. शेवटचा खांब मागच्या ओळीतील तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालावा.

आमची चूक नेमकी इथेच झाली. माथ्यावरचा खांब विसरत गेलो, दर ओळीला एक घटत गेला आणि पट्टीचा त्रिकोण झाला. आमच्यातल्या वयस्कर आते हसून म्हणाल्या, “गो बाय, आधी खांब मोज!” तेव्हापासून प्रत्येक ओळ संपली की आम्ही मोजतो.

ही सवय पुढे कामी आली. झालर पाहून एका व्यापाऱ्याने काम देऊ केले. “घरबसल्या, फावल्या वेळात होईल,” म्हणाला. आम्हांला आनंद झाला. पण होकार देण्याआधी घड्याळ लावून एक वीत झालर विणली. दीड तास गेला. त्याच्या भावाने दिवसभर विणले तरी लावणीची निम्मी मजुरीही पदरात पडत नव्हती!

गोदावरीकाठच्या नरसापूरला, आंध्रात, हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. रोज कित्येक तास विणूनही त्या ‘गृहिणी’च गणल्या जात आणि त्यांचे काम फावल्या वेळचे, म्हणून मजुरी शेतमजुरीहूनही कमी. लेस परदेशी जाई, नफा व्यापाऱ्यांना मिळे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. घरात विणणाऱ्या बाईला मात्र कारखान्याचा भोंगा नाही. तिचे तास तिनेच मोजायचे.

आम्ही व्यापाऱ्याला आमचा भाव सांगितला. तो अद्याप फिरकलेला नाही. झालर मात्र अश्विन पौर्णिमेला मूर्तीखाली लागली.

तुमच्याकडे कोणी असे काम घेऊन आले, तर आधी एक वीत विणा, वेळ लिहून ठेवा, दोऱ्याचा खर्च वजा करा आणि मगच भाव ठरवा. तोही एकटीने नव्हे, सगळ्याजणींनी मिळून.

जयभीम!