वजनकाट्याला न दिसणारी चरबी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी मालकांनी करावयाची, असे केंद्र सरकारने त्या वेळी जाहीर केले. भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने ही घोषणा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु उंची, वजन, रक्तदाब आणि कागदावर एक सही, एवढाच तिचा अर्थ रूढ होणार असेल, तर या स्त्रियांच्या पदरी फारसे काही पडणार नाही.

भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षी येते. इस्ट्रोजेन घटते, तसा चरबीचा मुक्काम हलतो. मांड्या व नितंब यांकडे साठणारी चरबी पोटाकडे वळते, यकृत व आतड्यांभोवती जमते. मधुमेह व हृद्रोग यांचा धोका वाढवणारी चरबी ती हीच. अमेरिकेत शेकडो स्त्रियांची वर्षानुवर्षे डेक्सा यंत्रावर मोजणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटच्या पाळीच्या सुमारे दोन वर्षे आधीपासून चरबी वाढण्याचा वेग दुपटीने वाढतो व स्नायू घटू लागतात, असे त्यात आढळले. वजनवाढीची गती मात्र पूर्वीचीच राहते! काटा खोटे बोलत नाही, पण खरेही सांगत नाही.

हे पुण्याला नवे नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. दोघांचाही देहभारांक २२.३, परंतु डेक्सावर युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. आपल्या सडपातळपणावर विसंबू नये, हे त्यावरून कळावे.

म्हणून प्रत्येक कारखान्यात डेक्सा बसवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आतड्यांभोवतीची चरबी नेमकी दाखवणारी सीटी व एमआरआय ही यंत्रे तर त्याहून खर्चाची, आणि सीटीत किरणांचा मारा वेगळाच. ही यंत्रे संशोधनाला हवीत. कारखान्यात मोजपट्टी पुरेल : कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की त्या स्त्रीच्या रक्तातील साखर व चरबी तपासावी, आणि पाळीविषयी विचारण्यास तेथे स्त्री डॉक्टर असावी. आश्चर्य असे की, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्त्रियांची कंबर मोजली गेली, ती १५ ते ४९ याच वयोगटात. पट्टी नेमकी हवी तेथेच थांबली!

ही उणीव भरून काढण्यास पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि राज्य कामगार विमा योजनेचे दवाखाने यांनी पुढे यावे. या पट्ट्यातील कामगार स्त्रियांची अशी मोजणी करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. खरी अडचण निराळीच आहे. यांतील कितीतरी जणी कंत्राटावर आहेत. कंत्राटदार बदलला की हजेरीपट बदलतो, आणि गेल्या वर्षीची तपासणीची नोंद कोणाच्या कपाटात राहिली, हे त्या स्त्रीला कळण्याचा मार्ग उरत नाही. ही नोंद कंत्राटदाराकडे न राहता तिच्या विमा क्रमांकाला जोडली जाईल काय, याचे उत्तर आता नियम करणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.