आमची पॉइंट टू टू



वागळे इस्टेटमध्ये ‘बावीस नंबर’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही न विचारता रोड नंबर बावीसच्या सर्कलला नेऊन सोडतो. पण किसननगर, श्रीनगर, रामनगर या भागात आता साठीकडे झुकलेली काही माणसे अशी आहेत की ज्यांना बावीस म्हटले की दुसरीच वस्तू आठवते. ती म्हणजे एनसीसीची पॉइंट टू टू रायफल. आजच्या कॅडेट मुलांना ती ठाऊक नाही. त्यांच्या हातात आली ती हलकी, इच्छापूरची डिलक्स. आमची जी होती ती जुनी, जड, काळपट लाकडाची, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याचे कपडे घातलेली.

दुसऱ्याचे कपडे म्हणजे कसे, ते सांगते. इंग्रजांच्या फौजेची थ्री नॉट थ्री रायफल सर्वांनी सिनेमात तरी पाहिलेली असते. तिच्या गोळ्या महाग, धक्का मोठा, पल्ला लांब. नव्या शिपायाला शिकवायला ती परवडेना. म्हणून त्याच रायफलीच्या सांगाड्यात बारीक नळी बसवली, बोल्टचे तोंड बदलले आणि पॉइंट टू टू तयार झाली. या घडणीचे ‘नंबर टू मार्क फोर’ हे मॉडेल १९२१ चे. थोरल्याची पँट उसवून धाकट्याला बेतावी, तसाच प्रकार! खाली मॅगझिनची पेटीही थोरलीचीच, पण आतली स्प्रिंग काढलेली. गोळी एकेक करून हाताने भरायची. उडालेली रिकामी पुंगळी त्या पोकळ पेटीत पडायची. हे पेटीचे लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

माझे वडील इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. मी १९८४ साली कॉलेजात गेले, एनसीसीत नाव घातले आणि घरी येऊन सांगितले की आम्हाला बंदूक शिकवणार आहेत. त्यांनी आधी विचारले, “बोअर किती?” मी म्हटले, पॉइंट टू टू. “म्हणजे दोनशेवीस थाऊ. साडेपाच एमेम, थोडं वर,” असे म्हणून ते जेवायला बसले. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, हे इस्टेटमधल्या कोणत्याही कामगाराच्या घरात पोरांना पाढ्यांबरोबर ठाऊक असे. त्या रात्री त्यांनी मला बोल्ट कसा फिरतो, चेंबर म्हणजे काय, नळीच्या आत पेच कशाला पाडतात, हे पाटीवर काढून दाखवले. रायफल त्यांनी उभ्या आयुष्यात हातात धरली नव्हती.

आता या गोळीची गंमत. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध टोपी असते. घोडा तिच्यावर पडतो. पॉइंट टू टूला अशी टोपीच नाही. बुडाची जी कड बाहेर आलेली असते, ती आतून पोकळ असते, आणि पेट घेणारा मसाला त्या कडेत भरलेला असतो. घोडा कडेवर आपटतो, पातळ पितळ चेपते आणि गोळी सुटते. म्हणून तिला कडेवर पेटणारी, रिमफायर म्हणतात. पुंगळी एकदा चेपली की पुन्हा भरता येत नाही. स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळपास नाहीच. अमेरिकेत १८५७ मध्ये या जातीची पहिली गोळी बाजारात आली आणि आज वापरतात ती लांब गोळी १८८७ ची. कधी कडेतल्या मसाल्यात खंड पडलेला असायचा, तिथेच घोडा बसायचा आणि नुसतेच ‘टक्’ व्हायचे. मग नळी टारगेटवरच रोखून, श्वास धरून पडून राहायचे, उस्ताद येईपर्यंत. फौजेतून शिकवायला आलेल्या हवालदाराला आम्ही उस्ताद म्हणत असू.

रेंजवर पंचवीस यार्डांवर टारगेट. जमिनीवर दरी अंथरलेली, तिच्यावर पोटावर झोपायचे, पाय फाकवून, डावे कोपर रायफलीखाली. उस्ताद हिंदीत म्हणायचे, “शिस्त लो.” आम्ही पोरी गोंधळायचो, कारण शाळेपासून शिस्त म्हणजे रांगेत उभे राहणे! शिस्त म्हणजे नेमही, हे तिथे कळले. पुढच्या खुणेचे टोक, मागच्या खुणेची खाच आणि काळा ठिपका एका रेषेत आणायचे, अर्धा श्वास सोडायचा आणि बोट नुसते दाबत न्यायचे. पाच गोळ्या किती जवळ जवळ लागल्या, त्याला ग्रुप म्हणत. रायफल चार किलोच्या आसपास भरायची. दुष्काळातल्या कणसासारख्या आमच्या मनगटांना ती पेलायची नाही. शिवाय नळ्या झिजलेल्या. एखाद्या रायफलीची गोळी कुठे जाईल हे रायफललाही माहीत नसे. तेव्हा ती फार उत्तम वस्तू होती, असे कोणी सांगू लागले तर मी मान हलवणार नाही.

तरीही तिच्यात आमचा जीव होता. का, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या पूर्वजांच्या हातात बंदूक नव्हती असे नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत ते होते, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत होते, तिथल्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने ही भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा हिशेब मांडला आणि आम्हाला दुसऱ्या रकान्यात टाकले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

पण हे सगळे फौजेचे. कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या हाती बंदूक देणे ही वेगळी गोष्ट. इंग्रजांच्या काळातही विद्यार्थ्यांची पलटण होती, परंतु आपली मुले मुळात कॉलेजातच किती! सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये निघाले आणि एनसीसीचा कायदा १९४८ मध्ये झाला. मुलींचा विभाग १९४९ चा. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. म्हणजे आपली पहिली शिकलेली पिढी आणि ही रायफल जवळपास एकदमच कॉलेजच्या मैदानावर आली. समता सैनिक दलाच्या लाठीमुळे सावधान-विश्राम आमच्या वस्तीतल्या पोरांना आधीच येत होते, त्यामुळे परेडमध्ये आम्ही कधी मागे पडलो नाही. दरीवर मात्र लाठी नव्हती, सरकारी रायफल होती. शेजारी कोण झोपले आहे, त्याचे आडनाव काय, हे टारगेटला दिसत नव्हते.

आईला हे पटले नव्हते. तिचा प्रश्न साधा होता. दर रविवारी विहारात जाऊन प्राणिहिंसा करणार नाही असे पहिले शील घ्यायचे आणि सोमवारी गोळी मारायला जायचे, हे कसे? तिने तो विहारात सर्वांसमोर विचारला. काही बाया हसल्या. मला लाज वाटली, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. उत्तर दिले ते महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी. ते मशीनगनवर होते. ते म्हणाले, “ताई, मी बंदूक चालवली म्हणून मला तिची हौस नाही. हौस त्याला असते, ज्याने ती कधी चालवली नाही.” मग त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी केलेला भेद सांगितला : मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. आई गप्प बसली. पण माझ्या मते तिचे पुरते समाधान झाले नाही, आणि मला विचाराल तर माझेही आजवर झालेले नाही. कागदाच्या ठिपक्यावर नेम धरताना इच्छा कुठली आणि गरज कुठली? मला तेव्हा फक्त ग्रुप लहान हवा होता.

आमच्यात सर्वांत लहान ग्रुप माझ्या मैत्रिणीचा. ती रामनगरची. तिच्या पाचही गोळ्यांची भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकत. त्या झिजक्या रायफलीने! तिला कॉलेजच्या संघात घेणार अशी चर्चा होती.

आता ती पेटी. दुसऱ्या वर्षी फायरिंगच्या दिवशी दहा जणींच्या डिटेलने प्रत्येकी पाच, अशा पन्नास गोळ्या मारल्या. पुंगळ्या मोजल्या तर एकोणपन्नास. पुंगळी हरवली तर कोणी हलायचे नाही, हा नियम कडक आणि योग्यच. गवत चाळले, दऱ्या झटकल्या. मग आमच्याबरोबर आलेल्या एका जबाबदार बाईंनी पिशव्या तपासायचे ठरवले. दहा पिशव्या होत्या. त्यांनी तपासल्या दोन, माझी आणि तिची. डबा उघडला, वह्या झाडल्या, ओढणीची घडी मोडली. बाकी आठजणी उभ्या राहून पाहत होत्या. तेवढ्यात उस्तादांनी एकेक रायफल उलटी करून आपटली आणि चौथ्या रायफलीच्या त्या पोकळ पेटीच्या कोपऱ्यात अडकलेली पुंगळी खाली पडली. उस्ताद म्हणाले, “पूरे पचास.” बाईंनी आमच्या पिशव्या तशाच उघड्या सोडल्या आणि चहा सांगितला.

त्यानंतर ती परेडला आली नाही. मी तिच्या घरी दोनदा गेले. तिच्या आईने सांगितले, “नको बाई, पोरीच्या नावाला चोरी चिकटायची.” संघ निवडला गेला त्यात आमच्यापैकी कोणी नव्हते. ती पुढे एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली आणि तिच्या टेबलावरचा माल कधी मोजणीत कमी भरला नाही, हे तिने मला अनेक वर्षांनी हसत सांगितले. मी ‘सी’ सर्टिफिकेटपर्यंत गेले. त्या रायफलीची आठवण निघाली की मला दरी आठवते आणि ओढणीची मोडलेली घडीही आठवते. दोन्ही एकाच वस्तूच्या आठवणी आहेत, त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

जुन्या रायफली गेल्या त्याचे दुःख करू नये. डिलक्सचे वजन पावणेतीन किलोच्या घरात, आमच्या रायफलीहून किलोभर कमी. ती मुलींच्या खांद्याला कितीतरी सोसते. मात्र पॉइंट टू टू ही गोळी काही जुनी झाली नाही. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले, ते याच कडेवर पेटणाऱ्या गोळीने. मुंबईच्या अंजली भागवत यांचे पाऊल नेमबाजीकडे वळले ते कॉलेजातल्या एनसीसीतून. हा खेळ महागडा आहे. स्वतःची रायफल, जाकीट, गोळ्या, रेंजचे भाडे, हे आपल्या घरांना झेपणारे नाही. फुकटात दरीवर झोपायला मिळते असे दार एनसीसीचे, म्हणून ते महत्त्वाचे.

इस्टेटमधले बरेच कारखाने बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. टर्नरची मुलगी आता टर्नर होणार नाही आणि तिला थाऊ म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. म्हणून तिच्यासाठी थोडी कामाची माहिती देते. शाळेत ‘ए’, कॉलेजात दुसऱ्या वर्षी ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ अशी सर्टिफिकेटे असतात. परेडची हजेरी पाऊणपट लागते आणि कॅम्प करावा लागतो. फौजेच्या भरतीत ‘सी’वाल्यांना जादा गुण मिळतात. पदवीला निदान पन्नास टक्के आणि ‘सी’ला ‘बी’ ग्रेड असेल तर फौजेत अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा न देता थेट मुलाखत मंडळापुढे जाता येते, मुलींनाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी केंद्र सरकारने सीमेवरच्या आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट घेण्याची घोषणा केली, त्यात एक तृतीयांश मुली. परंतु सगळ्याच कॉलेजांत एनसीसी नसते आणि असते तिथे जागा मोजक्या. तेव्हा प्रवेश घेतानाच खिडकीवर विचारावे, वर्ग सुरू झाल्यावर नाही. अर्जावर पालकांची सही मागतात. ती वडिलांचीच पाहिजे असे नाही, आईची चालते.