बांबू वापरला म्हणजे जंगल वाचले काय?

‘लाकूड सोडा, बांबू वापरा, म्हणजे जंगले वाचतील’ असा उपदेश हल्ली वारंवार कानी पडतो. बांबूचे दात घासायचे ब्रश, बांबूच्या खुर्च्या, बांबूच्या फळ्या बाजारात आल्या आहेत. हा उपदेश खरा मानावा काय? माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा समजण्यासाठी आधी बांबू वाढतो कसा, ते पाहू.

बांबू हा वृक्ष नव्हे. ऊस, ज्वारी आणि गहू ज्या तृणकुलात मोडतात, त्यातलेच ते एक गवत आहे. सागाच्या सालीखाली पेशींचा एक थर असतो. तो दरवर्षी नवे लाकूड तयार करतो आणि खोड जाड होत जाते. बांबूत असा थर नसतो. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोंब आपली अखेरची जाडी बरोबर घेऊनच येतो आणि तीन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढची तीन-चार वर्षे तो उंच होत नाही की जाडही होत नाही. फक्त टणक बनतो. असा पक्व बांबू तोडला तरी बेट मरत नाही. जमिनीखालचे खोड जिवंत असते आणि पुढच्या पावसाळ्यात ते नवे कोंब देते. सागाच्या बुंध्यालाही धुमारे फुटतात. पण ते तोडण्याजोगे व्हायला साधारण ५० ते ८० वर्षे लागतात. आजोबांनी लावलेला साग नातवाच्या कामी येतो. बांबू मात्र तुम्ही आठवीत असताना लावलात, तर महाविद्यालयीन शिक्षण संपण्यापूर्वी तुम्हालाच तोडता येईल.

मग उपदेश अर्धाच खरा का? पहिले कारण टिकाऊपणाचे. बांबूत पिष्ट भरपूर असते आणि ते खाण्यासाठी भुंगेरे त्याला पोखरतात. मातीत रोवलेला कच्चा बांबू दोन-तीन वर्षांत कुजतो. तो पाण्यात मुरवला किंवा टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवून वाळवला, तर पुष्कळ अधिक टिकतो. उलट जुन्या वाड्यातला सागवानी खांब शंभर वर्षे उभा असतो आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन तेवढा काळ त्यात अडकून राहतो. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवी, तिच्यासाठी जपून लाकूड वापरणे हा काही अपराध नव्हे.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. १९७० च्या दशकात कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूची बेटे झपाट्याने घटत होती. तेथील बांबू कागद गिरणीला जात असे. ऱ्हासाचा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर ठेवला जाई. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी याचा अभ्यास केला. या काटेरी बांबूच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. तोड सोपी व्हावी म्हणून ते साफ केले जाई. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, हे काटेच कोवळ्या कोंबांना गुरांपासून व वन्य प्राण्यांपासून वाचवतात. अभ्यासाअंती गावकऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरले. म्हणजे बांबू तोच आणि त्याची वाढही तीच. चुकली ती तोडण्याची रीत.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. पुढल्या वर्षी आपल्यालाच तोडायचे आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो कोवळा बांबू का तोडील?

म्हणून माझे मत असे की, ‘बांबू की लाकूड?’ हा प्रश्नच अपुरा आहे. बांबू कोणी, कोणत्या ऋतूत, किती वयाचा तोडला आणि बेटात किती राखला, हे विचारायला हवे. कोंब येण्याच्या दिवसांत तोड बंद ठेवावी. कोवळे बांबू आणि काही पक्व बांबूही बेटात राखावेत. एवढे पाळले, तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. न पाळले, तर गवताची जलद वाढही त्याला वाचवू शकत नाही.

जवळपास बांबूचे बेट असेल, तर शिक्षकांसह येत्या पावसाळ्यात तेथे जा. पूर्ण वर आलेल्या एका कोंबाचा बुडाशी घेर दोऱ्याने मोजा. दिवाळीत पुन्हा मोजा. मग टोपल्या विणणाऱ्या कारागिराला विचारा, ‘तोडण्याजोगा बांबू कसा ओळखता?’ त्याचे उत्तर वहीत नीट उतरवून घ्या.