थिएटर बंद पडेल म्हणून निदान अडवू नका

पावसाळी बंदी उठून बोटी पाण्यात गेल्या की कफ परेडच्या मच्छीमार नगरात हातापायांत काटे घुसलेले रुग्ण वाढतात. तिथे दवाखाना चालवणाऱ्या एका वाचकाचे पत्र या महिन्यात आले आहे. मधुमेही खलाशी, घोट्याजवळ शिंगाळा माशाचा काटा घुसलेला. दुसऱ्या दिवशी पोटरी टरटरून सुजली. लाली बेताचीच, पण चादर टेकली तरी माणूस किंचाळत होता, आणि लालीच्या चार बोटे वर दाबले तरीही. डॉक्टरांनी चिठ्ठीत स्वच्छ लिहिले : ‘नेक्रोटायझिंग इन्फेक्शन, गॅसची शंका, तातडीने उघडावे.’ रुग्णालयात एक्स-रे निघाला, त्यात गॅस दिसला नाही आणि केसपेपरवर ‘सेल्युलायटिस’ चढले. फोड काळे पडल्यावर थिएटर मिळाले. पाय गुडघ्याच्या वरून गेला.

निदान का बदलले, हे विचारायला आमचे वाचक स्वतः वॉर्डात गेले. निवासी डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला, “सर, गॅस लिहिलं की थिएटर बंद होतं.”

वाचकांपैकी बहुतेकांना हा प्रकार ठाऊक आहे. केसपेपरवर ‘गॅस गँगरीन’ आले की थिएटरला कुलूप, फॉर्मालिनची धुरी आणि मग भिंती, टेबल, दिवे यांचे स्वॅब. लागोपाठ तीन स्वॅब निगेटिव्ह आल्याशिवाय कुलूप निघत नाही. यादीतल्या हर्निया-हायड्रोसीलवाल्यांना पुढची तारीख, युनिटप्रमुखांची बोलणी आणि सिस्टर-इन-चार्जचा रोष. अशा वेळी रात्री दोन वाजता तो शब्द लिहायला कोणता रजिस्ट्रार धजेल?

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स तुमच्या-आमच्या आतड्यात असतो. फुटलेले आतडे याच थिएटरमध्ये, याच टेबलावर उघडले जाते, पुसापुशी होते आणि तासाभरात पुढची केस आत येते. तोच जंतू पोटरीत सापडला, की खोली तीन दिवस अस्पृश्य! हा रोग टेबलावरून पुढच्या रुग्णाला उडी मारत नाही. मातीतून, पाण्यातून किंवा रुग्णाच्याच आतड्यातून तो मेलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या मांसात शिरतो. बीजाणूंची भीती असेल तर डिटर्जंटने घासून धुणे, क्लोरीनचे द्रावण आणि हत्यारांना ऑटोक्लेव्ह ही त्यावरची तजवीज. फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले. त्याची धुरी अजून कुणाच्या भल्यासाठी चालू आहे?

शिवाय आज मांसात सापडणारा गॅस बहुधा क्लॉस्ट्रिडियमचा नसतोच. मधुमेह्याच्या पायात ई. कोलाय, क्लेब्सिएला, बॅक्टेरॉइडिस यांची भेळ असते. थिएटर बंद करायला लावणाऱ्या परिपत्रकाला हे ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची घाईही नाही. कहर म्हणजे ज्या प्रयोगशाळेत रात्री रुग्णाच्या पुवाची एक ग्रॅम स्लाइड करायला माणूस नसतो, तिथे भिंतीचे स्वॅब लावायला मात्र असतो.

आता एक्स-रेबद्दल. 2019 च्या ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’मधल्या मेटा-अ‍ॅनालिसिसनुसार साध्या एक्स-रेत गॅस दिसतो तो जेमतेम 49 टक्के रुग्णांत, सीटीची पकड 88 टक्क्यांच्या आसपास. रक्ततपासण्यांवरून काढलेला एलआरआयएनईसी गुणांक सहा किंवा त्याहून वर गेला तर उत्तम, पण खाली राहिला म्हणून सुटका नाही, कारण त्याच विश्लेषणात तो जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्ण हुकवतो. उलट, हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलेल्या जखमेतही बोटाखाली चुरचुर लागते, तेव्हा आधी ड्रेसिंग कोणी आणि कशाने केले ते विचारा. कोळीवाड्यातल्या डॉक्टरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ वल्निफिकस सहसा गॅस करतच नाही, आणि यकृत बिघडलेल्या माणसाला तो एक-दोन दिवसांत संपवतो. तिथे चुरचुरीची वाट पाहणे म्हणजे रुग्णाची वाट लावणे.

निदान होते ते सुरीने. संशय असेल तर भूल देऊन दोन सेंटिमीटरचा छेद फॅशियापर्यंत घ्या. रोग असेल तर रक्त येत नाही, भांडी धुतल्यासारखे राखाडी पाणी येते आणि बोट घातले की थर विनासायास सुटतात. मग सीटीची रांग कशाला? तुकडा उतींचाच पाठवा, स्वॅब नको. स्लाइड स्वतः रंगवा. जाड ग्रॅम-पॉझिटिव्ह दांडके आणि पूपेशी जवळजवळ नाहीत, एवढे दिसले की कल्चरसाठी थांबायचे कारण उरत नाही.

फॅमिली डॉक्टरांनो, लालीची कड पेनाने आखा, शेजारी वेळ लिहा, शुगर बघा, दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. ‘उद्या या’ म्हणू नका. चिठ्ठीवर भागवू नका, रजिस्ट्रारला फोन करा. आणि सर्जन मंडळींनो, जे दिसते तेच लिहा.

थिएटर बंद ठेवण्याच्या नियमाबाबत आम्ही वसंतात प्रश्नावली धाडली होती. जिल्ह्यांतून उत्तरे आली; मुंबईतले, त्यातही मोठ्या संस्थांतले सभासद गप्प आहेत. परिषदेत हेच लोक व्यासपीठावरून तासभर बोलतात. आपापल्या संस्थेच्या परिपत्रकाची प्रत, नाव-शिक्का झाकून का होईना, 15 तारखेपर्यंत कार्यालयात पोहोचवा. सगळी परिपत्रके एकत्र करून आरोग्य खात्यापुढे ठेवायची आहेत, आणि सोबत या खलाशाचा, नाव वगळून, केसपेपर जोडायचा आहे.