गोड बातमीच्या आधीचे दुर्लक्षित महिने

विशेष प्रतिनिधी

लग्नाला वर्ष झाले की ‘गोड बातमी कधी?’ ही विचारणा सुरू होते. ‘हिमोग्लोबिन किती?’ असे मात्र कोणी विचारत नाही. दिवस राहिल्यावर दवाखान्यात नाव घालायचे आणि मग गोळ्या सुरू करायच्या, हा आपल्याकडील शिरस्ता. त्याआधी डॉक्टरकडे जाणाऱ्या सुनेकडे आजही ‘काही दोष तर नाही ना?’ अशाच नजरेने पाहिले जाते.

शरीराचे वेळापत्रक मात्र निराळे आहे. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात, तोवर ही घडण पूर्ण झालेली असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड गर्भधारणेच्या प्रयत्नांपासूनच घ्यावे, असे सांगते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात झालेला एक प्रयोग येथे आठवतो. साडेसहा हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. काहींना गर्भधारणेपूर्वीपासून रोज पालेभाज्या, फळे व दूध घालून केलेला खाऊ दिला गेला. एकूण निष्कर्ष फारसा उत्साहवर्धक नव्हता. पण ज्यांनी किमान ९० दिवस आधी तो सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही खाऊ मिळालेल्या गटात लक्षणीय कमी आढळले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४ टक्क्यांवर गेले. ‘अॅनिमियामुक्त भारत’ या २०१८ च्या मोहिमेत गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठीही आठवड्याला लोह व फॉलिक अॅसिडच्या एका गोळीची तरतूद आहे. ती कागदावर उत्तम आहे. परंतु सकाळी साडेसातची लोकल पकडणारी स्त्री आशा कार्यकर्तीला घरी सापडणार कधी?

शिवाय ही जबाबदारी एकट्या स्त्रीची नव्हे. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. साध्या रक्ततपासणीने ते आधीच कळू शकते. पण पत्रिकेतील गुण हौसेने मोजणाऱ्या घरांत मुलाच्या रक्ततपासणीचा विषय काढला, की बैठकीचा रंग बदलतो.