चेपलेली कुशन बदलणार कोण?

सुरजागडच्या लोहखनिजाने गडचिरोलीच्या अरुंद जंगलरस्त्यांवर अवजड ट्रकांची रांग आणली. २०१९च्या जानेवारीत एटापल्लीनजीक गुरुपल्लीला एस.टी. बस व ट्रक यांच्या टकरीत प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा रस्त्यांचे रुंदीकरण रास्तच. पण त्याबरोबर येणाऱ्या काँक्रीटच्या दुभाजकाचे उघडे टोक वाहनाला भिंतच ठरते. त्यापुढची क्रॅश कुशन स्वतः चिरडून धडकेचा जोर शोषते, म्हणूनच एका जबर धडकेत ती बहुधा निकामी होते. (तीही मोटारींच्या मापाची, खनिजाच्या ट्रकपुढे तिची मात्रा चालत नाही.) उभारणीचे बिल निघते, चेपलेली कुशन किती दिवसांत बदलणार? निविदेत ही मुदत हवी, तसेच धावत्या वाहतुकीत दुरुस्ती करणाऱ्या मजुराच्या संरक्षणाची हमीही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांनी ही दोन कलमे बांधकाम खात्याकडे लेखी मागावीत.